रात्रीची लाईट, सुरत पॅसेंजर आणि १९१२ चा एक सिझन

या आठवड्यात आमच्या फिडरची थ्री फेज रात्रीची आहे. म्हणजे बाराला येते, सकाळी आठला जाते आणि मधे दोनदा तरी ट्रिप मारते. ऑटो स्विच लावलेला आहे, पण मागच्या महिन्यात त्याच्या भरवशावर घरी झोपलो आणि पाइप निसटला, सकाळी येऊन बघतो तर अर्ध्या कांदेबागेत तळं, तेव्हापासून स्वतःच येऊन बसतो. खाट, ब्लँकेट, बॅटरी, चहाचा थर्मास, बिबट्याच्या नावाने एक काठी (काठीने बिबट्याचं काय वाकडं होणार ते त्यालाच माहीत) आणि मोबाईल. गावात घरात बसून नेटवर्क नाही आणि मळ्यात फुल येतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर परवा रात्री असाच बसलो होतो आणि पुतण्याशी झालेला वाद डोक्यात होता. त्याला नवीन स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, घ्यायचे होते, तीन हजाराचे. मी म्हणलं अरे आपल्याकडे लोक अनवाणी खेळून गोऱ्यांना हरवून आले, तर तो म्हणे काका काहीही फेकता. म्हणून मोहन बागान क्लबचं बघायला गेलो. बरोबर होतो मी. २९ जुलै १९११, कलकत्ता, आयएफए शिल्डची फायनल, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं, आणि अकरापैकी दहा जण अनवाणी, बूट घातलेला एकटा सुधीर चॅटर्जी. स्क्रीनशॉट काढून रात्री दीड वाजता पुतण्याला पाठवला आणि मग त्याच सालात जगात अजून कुठे काय फुटबॉल चालू होतं ते बघत बघत अमेरिकेत जाऊन पडलो, तो सकाळी मोटर बंद झाली तेव्हाच बाहेर आलो.

आधी एक सांगून टाकतो, अमेरिकेतलं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नाही. अंड्यासारखा लांबुळका बॉल, तो हातात धरून पळायचं, समोरच्यांनी आडवं पाडायचं. निम्मी कबड्डी आणि निम्मी पोळ्याच्या दिवशीची रेटारेटी. चार डावात दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकले तर बॉल त्यांचा. पलीकडच्या टोकाला बॉल घेऊन पोचलं की टचडाऊन, त्याचे १९११ पर्यंत पाच पॉइंट होते, १९१२ पासून सहा झाले. दांड्यांच्या मधून किक मारली तर फील्ड गोल, तीन पॉइंट. आणि हा खेळ तेव्हा खेळायची कॉलेजची पोरं, पैसेवाल्या घरातली, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे. इतका रानटी प्रकार होता की १९०५ च्या सिझनमध्ये पोरं मेली, दीड डझनाच्या आसपास, आणि शेवटी प्रेसिडेंट रूझवेल्टने या मोठ्या कॉलेजवाल्यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून सांगितलं की सुधरा. मग १९०६ मध्ये नियम बदलले, बॉल पुढे फेकायची परवानगी मिळाली. त्याच्या आधी पास म्हणजे फक्त बाजूला नाहीतर मागे. पुढे फेकणं मोठ्या कॉलेजवाल्यांना सुरुवातीला कमीपणाचं वाटायचं म्हणे. मर्द असशील तर घूस, फेकतो काय.

आणि या सगळ्या साहेबांच्या पोरांमध्ये एक टीम होती ती कॉलेजची नव्हतीच. पेनसिल्व्हेनियात कार्लाइल नावाचं गाव आहे, तिथली इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. इंडियन म्हणजे आपण नाही, तिथले आदिवासी. सू, चिप्पेवा, साक अँड फॉक्स, अपाचे, शंभराच्या वर जमातींची पोरं. पोरी पण. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या आर्मी अधिकाऱ्याने ही शाळा काढली, तीही लष्कराच्या रिकाम्या पडलेल्या बराकीत. त्याचं म्हणणं उघड होतं, पोरातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. हे त्याचं भाषणातलं बोलणं आहे, नंतर कोणी त्याच्या तोंडी घातलेलं नाही. पोरं हजार हजार मैलांवरून रेल्वेने आणायची, आल्या आल्या केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचं, स्वतःच्या भाषेत बोललं तर शिक्षा. एक फोटो आल्या दिवशीचा आणि एक काही महिन्यांनी, लोकांना दाखवायला, की बघा कसा माणसात आला. उन्हाळ्यात गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला लावायचे, त्याला आउटिंग म्हणायचे. नाव बघा. शाळेच्या आवारात पोरांच्या कबरी आहेत, दीडशेच्या वर, आणि २०१७ पासून एकेक करून त्यांच्या लोकांकडे परत पाठवणं चालू आहे.

हे वाचत होतो आणि मला धरणगाव आठवत होतं. का ते सांगतो, पण त्यासाठी आमच्या टीमचं सांगावं लागेल.

आमची टीम म्हणजे १९९७-९८ ची, कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तिथले लोक अजून भेटतात. कॉलेजला ग्राउंड होतं पण ते नावाला. काळी माती, डिसेंबरपासून पुढे त्याला अशा भेगा पडायच्या की बॉल नाही पण पाय अडकायचा, आणि पावसाळ्यात तर चिखलाने बूट तीन किलोचा. बूट म्हणतोय पण अकरा जणांत सात जोड होते. गोलकीपरला स्टड लागत नाहीत असं ठरवून टाकलेलं, बाकी तिघांचं ज्याचं त्याने बघायचं. होम मॅच आम्ही दोन वर्षांत एकही खेळलो नाही. विद्यापीठाच्या झोनल मॅचेस कायम दुसऱ्याच्या दारात, नंदुरबार, जळगाव, भुसावळ, आणि जायचं कशाने तर सुरत-भुसावळ पॅसेंजर. जिचं टाइमटेबल फक्त भिंतीवर असतं. नंदुरबारला प्लॅटफॉर्मवर उतरलो की सिझनला वाळत घातलेल्या मिरचीचा खकाणा नाकात जायचा, निम्मी टीम शिंकत शिंकत वॉर्मअप करायची. परत येताना दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, मग धरणगाव. धरणगावला गाडी क्रॉसिंगला रखडायची. आमच्याबरोबर येणारे सर इतिहासाचे होते, खेळाचं त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण गाडी थांबली की चालू व्हायचे. हे धरणगाव बरं का, इथे १८२५ मध्ये औट्राम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. ज्या भिल्लांना बंदुकीने आवरता आलं नाही त्यांनाच युनिफॉर्म घातला आणि कवायत शिकवली. आम्ही कोणी ऐकायचो नाही. भूक लागलेली असायची.

प्रॅटनेही तेच केलं होतं ना. शाळा काढायच्या आधी फ्लोरिडात एका किल्ल्यात इंडियन लढवय्ये कैदी म्हणून ठेवलेले, त्यांच्यावर त्याने हा प्रयोग केला, केस कापा, युनिफॉर्म घाला, कवायत करा. तो जमला असं वाटल्यावर पोरांकडे वळला. औट्राम आणि प्रॅट यांच्यात पन्नास वर्षांचं आणि दोन समुद्रांचं अंतर आहे पण शिंपी एकच वाटतो.

पण खेळाकडे येतो, कारण त्या बराकीतून निघालेली टीम म्हणजे काय टीम होती भो. १८९९ मध्ये तिथे कोच म्हणून आला पॉप वॉर्नर. मधली काही वर्षं सोडली तर १९१४ पर्यंत तोच. पोरं हार्वर्डवाल्यांच्या मानाने हलकी. पोटभर खाऊन वाढलेली पोरं आणि होस्टेलच्या भाताची पोरं यात जो फरक असतो तो. रेटारेटीत निभाव लागणार नाही हे वॉर्नरला कळलेलं, म्हणून पळणं, फसवणं, फेकणं. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध तर कहरच केला. जर्सीच्या पाठीत शिंप्याकडून इलॅस्टिक लावून घेतलं होतं. किकऑफचा बॉल झेलला, सगळ्यांनी गोल घोळका केला, आणि आत बॉल डिलन नावाच्या गड्याच्या जर्सीत पाठीमागून सरकवून दिला. घोळका फुटला, सगळे पोटाशी बॉल धरल्यासारखे पळाले, हार्वर्डवाले एकेकाला पाडतायत आणि कोणाकडेच बॉल नाही. डिलन हात हलवत मोकळा पळत गेला, टचडाऊन. हे सगळं हार्वर्डच्याच मैदानावर. मॅच ११-१२ अशी हरले ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे गावच्या स्पर्धेत हे केलं असतं तर मारामारी होऊन बॉल पोलीस पाटलाकडे जमा झाला असता.

आणि पुढे फेकायची परवानगी मिळाल्यावर १९०७ मध्ये कार्लाइलवाल्यांनी पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीला २६-६ ने झोडलं ते लांब, फिरकी देऊन मारलेल्या पासवर. ज्याला बाकीचे कमीपणा म्हणत होते ते यांनी हत्यार करून घेतलं. आज तो खेळ टीव्हीवर लावला तर तेच दिसतं, उंच फिरत जाणारा बॉल.

त्याच १९०७ च्या सुमारास एक पोरगा शाळेच्या मैदानाजवळून जात होता, कामाच्या कपड्यात. उंच उडीचा बांबू लावलेला, कोणालाच जमत नव्हता, हा गेला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पार करून निघून गेला असं सांगतात. जिम थॉर्प. साक अँड फॉक्स जमातीचा, ओक्लाहोमाकडचा, त्याच्या भाषेतलं नाव वाथोहक, म्हणजे उजळलेली वाट असं काहीतरी. जुळा भाऊ लहानपणीच वारलेला, स्वतः शाळांमधून पळून गेलेला किती वेळा. पळून जाणाऱ्या पोराला पळवलं तर काय होतं ते पुढे सगळ्यांनी बघितलं.

११ नोव्हेंबर १९११, परत हार्वर्ड. हार्वर्डच्या कोचला वाटलं यांच्यासाठी मेन टीम कशाला, सुरुवातीला राखीव गडी उतरवले. थॉर्पच्या पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, दुखरा पाय. त्याने त्याच पायाने चार फील्ड गोल मारले आणि मॅच १८-१५. चार गोलचे बारा, एक टचडाऊन पाच, टचडाऊननंतरच्या वरच्या किकचा एक, अठरा. हिशोब मी दोनदा केला, रात्री झोप येऊ नये म्हणून हिशोब बरा असतो.

आता गंमत बघा. हार्वर्डला हरवून आठवडा झाला आणि १८ नोव्हेंबरला सिराक्यूजकडून हरले, ११-१२. एका पॉइंटने. अख्ख्या सिझनमध्ये बारा मॅचपैकी तेवढी एकच हार. आणि पुढच्या वर्षी पण सेम. मोठ्याला लोळवायचं आणि पुढच्या शनिवारी आपटायचं. हा रोग मला चांगला माहीत आहे. आम्ही जळगावच्या एका तगड्या टीमला, ज्यांचे ट्रॅकसूट मॅचिंग होते, २-० ने हरवलं आणि चार दिवसांनी अशा टीमकडून हरलो की त्यांचा गोलकीपर मॅच चालू असताना विडी मागायला बाहेर आला होता. जिंकल्यावर रात्री स्टेशनसमोर शेवभाजी झाली होती ना, चार दिवस तीच पोटात होती आणि डोक्यातही.

ते दोन्ही गोल ज्याने मारले त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून तर ही पोस्ट. त्याचं नाव इथे लिहीत नाही कारण त्याला विचारलेलं नाही. पण खरं सांगू का, तेव्हा टीममध्ये पण त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. पावरा, म्हणजे त्याच्या आदिवासी जमातीचं नाव. ए पावरा, पास दे. पावरा आला का. पावऱ्याला डाव्या बाजूला टाक. सातपुड्यातला, धडगावच्या पण पुढचा, घर डोंगराच्या सोंडेवर आणि शेजाऱ्याचं घर दुसऱ्या सोंडेवर. आश्रमशाळेत शिकलेला. पहिलीत गेला तेव्हा मास्तर काय बोलतात ते वर्षभर कळलं नाही म्हणे, घरी पावरी, शाळेत मराठी, मग पोरं उठली की उठायचं आणि बसली की बसायचं, एवढंच त्याने पहिलीत पास केलं. त्या सात जोडांपैकी एक जोड आम्ही त्याला दिला होता तर त्याने दहा मिनिटांत काढून लाइनच्या बाहेर ठेवला, नीट, एकाशेजारी एक, देवळाबाहेर ठेवतात तसा. आणि अनवाणी पळाला. भेगा पडलेल्या काळ्या मातीत, ढेकळं, काटे, काही नाही. बॉल त्याच्या पायाला लागल्यावर तो थोडा तिरका पळायचा, उजवा खांदा पुढे, जसं कोणी चढावर पळतं. सपाट ग्राउंडवर चढ असल्यासारखा पळायचा तो. समोरचा बॅक सरळ यायचा आणि हा कधी त्याच्या मागे गेला ते त्याला कळायचं नाही.

आता १९१२. हा सिझन मी अख्खा वहीत उतरवून काढला, ड्रिपच्या खताचा हिशोब लिहितो त्या वहीत, मागच्या पानावर. चौदा मॅचेस. सप्टेंबर ते नोव्हेंबर. अल्ब्राइट ५०-७, लेबनॉन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-० (हे कॉलेज त्याच गावातलं, म्हणजे शेजारी), व्हिलानोव्हा ६५-०, मग वॉशिंग्टन अँड जेफरसनबरोबर चक्क ०-०, मग मागच्या वर्षीच्या सिराक्यूजचा बदला ३३-०. पिट्सबर्ग, जॉर्जटाऊन, कॅनडात टोरांटोला जाऊन ४९-१, लेहाय. थोड्याफार मॅच सोडल्या तर सगळा सिझन रेल्वेत. मोठी कॉलेजं यांच्या गावात येणार नव्हती कारण तिथे तिकीट काढणारे लोक किती. म्हणून हेच जायचे, आज इथे, आठ दिवसांनी तिकडे, गेटवर गर्दी खच्चून. लोक बघायला यायचे ते इंडियन बघायला. पेपरात हेडिंगं कुऱ्हाडी आणि टाळूच्या भाषेतली. टीममध्ये गस वेल्च, अलेक्स आर्कासा, जो गायोन असे नावाचे गडी होते, पण स्कोअरच्या वर इंडियन्स. हे वाचताना मी खाटेवर जरा सरळ बसलो.

आणि त्याच वर्षी जुलैत थॉर्प स्टॉकहोमला ऑलिंपिकला जाऊन आलेला. पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन, दोन्ही गोल्ड. त्याचा एक फोटो आहे तिथला, नीट बघितला तर दोन पायांत दोन वेगळे बूट. त्याचे चोरीला गेले म्हणून कुठलेतरी मिळाले ते घातले असं सांगतात. मी तो फोटो झूम करकरून बघितला. सात जोड आणि अकरा पोरं आठवली.

एवढं करून परत आला आणि सप्टेंबरपासून शाळेच्या टीममध्ये. जगातला सगळ्यात भारी खेळाडू, आणि होस्टेलमध्ये राहतोय.

९ नोव्हेंबर १९१२, वेस्ट पॉइंट. आर्मीची अकादमी, जिथे अधिकारी तयार होतात. एक लक्षात घ्या, वूंडेड नीचं हत्याकांड १८९० चं, ज्यात लष्कराने लाकोटांची बायकापोरं मारली. बावीस वर्षं झालेली फक्त. मैदानावरच्या पोरांच्या बापांनी, काकांनी या सैन्याच्या गोळ्या बघितलेल्या. आणि आता समोरासमोर, नियमात, पंच ठेवून. पहिला टचडाऊन आर्मीचा, पण वरची किक हुकली, ६-०. मग वॉर्नरने गडी नव्याच पद्धतीने उभे केले, दोन्ही बाजूंना पंखांसारखे, त्यामुळे बॉल कोण घेऊन कुठे जाणार ते आर्मीला शेवटपर्यंत उमगलं नाही. आर्कासाने तीन टचडाऊन केले. आर्मीचा कॅप्टन डेव्होर इतका भडकला की गायोनच्या अंगावर उडी मारली, पंचांनी त्याला बाहेर काढलं. आर्मीकडून एक बावीस वर्षांचा पोरगा खेळत होता, आयझेनहॉवर, हो तोच, पुढे प्रेसिडेंट झालेला. तो आणि त्याचा जोडीदार दोन्हीकडून थॉर्पला दाबायला गेले, थॉर्प ऐनवेळी थबकला आणि दोघं एकमेकांवर आदळले असं सांगतात. थॉर्प एकदा जवळजवळ अख्खं मैदान पळून टचडाऊन करून आला, तो नियमात बसला नाही म्हणून रद्द केला, तर परत झेलून परत पळाला, ही गोष्ट पण सांगतात आणि ती मला खरी असावीशी वाटते कारण रद्द झालेला गोल परत मारणारा माणूस मी बघितलेला आहे. शेवटी २७-६.

आणि पुढच्या शनिवारी? पेनसिल्व्हेनियाकडून हरले. २६-३४. सांगितलं ना, रोग.

शेवटच्या दोन मॅच स्प्रिंगफील्ड आणि ब्राउन, दोन्ही जिंकले, ब्राउनला ३२-० आणि ती थॉर्पची शाळेकडून शेवटची. बारा जिंकल्या, एक हरली, एक बरोबरी. मी वहीत बेरीज मारली, मारलेले ५०४, खाल्लेले ११४. बरोबर आली बेरीज. साडेतीन वाजले होते, मोटर मस्त चालू होती, लांब कुठेतरी कोल्हे ओरडत होते.

मग जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका पेपरात आलं की थॉर्प १९०९ आणि १९१० मध्ये पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, उन्हाळ्यात, नॉर्थ कॅरोलिनात. म्हणजे हौशी खेळाडू नाही, म्हणजे मेडल परत. कॉलेजची कितीतरी पोरं हेच करायची पण खोट्या नावाने. हा खऱ्या नावाने खेळला, हीच चूक. त्याचं एक पत्र आहे, वॉर्नरनेच लिहून दिलं असं बरेच जण मानतात, की मी एक साधा इंडियन शाळकरी पोरगा होतो, मला या गोष्टी कळत नव्हत्या. वॉर्नरला मात्र काहीच माहीत नव्हतं म्हणे. कोचला. माहीत नव्हतं. असो. मेडलं घरच्यांना मिळाली १९८३ मध्ये, थॉर्प मरून तीस वर्षं झाल्यावर, आणि एकट्याचं नाव विजेता म्हणून लागलं ते २०२२ ला.

आणि गेटचे पैसे. हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, आर्मी, सगळीकडून तिकिटांचा वाटा यायचा तो शाळेच्या अ‍ॅथलेटिक फंडात, आणि फंडाची किल्ली वॉर्नरकडे. त्याचं राहायचं घर त्याच फंडातून बांधलेलं. शेवटी या गस वेल्चनेच, म्हणजे आर्मीला हरवलेल्या टीमच्या क्वार्टरबॅकने, डाव चालवणाऱ्या गड्याने, पोरांच्या सह्या गोळा करून अर्ज दिला, १९१४ मध्ये सरकारी चौकशी बसली, शाळेचा मुख्य अधिकारी गेला, वॉर्नर पण सिझन संपवून पिट्सबर्गला निघून गेला. १९१८ मध्ये शाळाच बंद. जागा परत लष्कराकडे.

हे फंडाचं वाचलं आणि मी मोबाईल खाटेवर पालथा ठेवला.

आमच्या वेळी टीएडीए, म्हणजे प्रवास-जेवणाचा भत्ता, मिळायचा. माणशी साठ रुपये, कागदावर. पावतीवर सही साठची आणि हातात वीस. बाकीचे कुठे जायचे ते वरचे जाणोत, मी विचारलं नाही. वाटायचं काम माझ्याकडे होतं, कॅप्टन म्हणून. पॅसेंजरमध्ये, खिडकीशी बसून, मांडीवर रजिस्टर घेऊन. बाकीची पोरं कुरकुरायची, शिव्या द्यायची, मग माझ्याकडे बघून हसायची आणि सही ठोकायची. पावरा सही करायच्या आधी आकडा वाचायचा. बोट ठेवून. सा ठ. मग माझ्याकडे बघायचा, मग हातातल्या दोन दहाच्या नोटांकडे, मग सही. बोलला कधीच नाही. मी दरवेळी खिडकीबाहेर बघायचो. धरणगाव आलं का ते.

काल दुपारी त्याला फोन लावला. नंबर एकाकडून मिळवला, सत्तावीस वर्षांत दोनदा बोललो असू. तो तिकडेच एका शाळेत मास्तर आहे, पहिलीचा वर्ग आहे त्याच्याकडे. म्हणाला पहिले तीन महिने मी पावरीतच शिकवतो, साहेब आले की मराठी. मी त्याला कार्लाइलचं सगळं सांगितलं, हार्वर्ड, इलॅस्टिकची जर्सी, आर्मी, थॉर्पचे दोन बूट, मला वाटलं ऐकून गहिवरेल वगैरे. तो शांतपणे ऐकत होता, मधे कोणाला तरी ओरडला की नळ बंद कर. मग म्हणाला,

"आन तिकिटाचे पैसे कोन खायचं त्यांचे?"

मी सांगितलं फंडाचं. वेल्चच्या अर्जाचं पण सांगितलं.

"त्यानं अर्ज केला. बरं." थोडा वेळ गप्प. "आपन नऊ मॅच खेळलो ना रे त्या वर्षी?"

मी म्हणलं सात.

"नऊ. दोन फ्रेंडली होत्या अमळनेरला. सह्या घेतल्या होत्या तू." मग हसला, जोरात, मागे पोरांचा कालवा चालू होता. "नऊ चोक छत्तीस. तीनशे साठ रुपये."

मी विचारलं फोनपे आहे का या नंबरला. तो म्हणे आहे, पण इकडे रेंज कधी येईल त्याचा भरवसा नाही, तू पाठवून ठेव.